वाटी बदलायची की नाही, हे ठरवायचं कुणी?

डॉक्टरांनी विचारलं, "काय त्रास होतोय, आजी?" आणि उत्तर माझ्या आतेभावाने दिलं. "दोन वर्षं झाली डॉक्टर, गुडघे दुखतायत. डावा जास्त, उजवा कमी. जिना उतरताना फार." पुढचा प्रश्न आला, रात्री झोपेत दुखतं का? त्याचं उत्तर मी दिलं. आत्या मधल्या खुर्चीत बसलेली, मांडीवर पिशवी, पिशवीतून एक्स-रेचं मोठं पाकीट वर आलेलं, आणि ती आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती. पाच-सहा मिनिटांत सगळं आटोपलं. एक्स-रे उजेडावर धरून झाला, "गॅप संपलाय, हाडावर हाड घासतंय, वाटी बदलून घ्या" असं सांगून झालं, दादा म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टर." खाली येऊन टॅक्सीत बसल्यावर आत्याने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"वाटी बदलल्यावर मला खाली बसता येईल का गं?"

आम्ही गप्प. डॉक्टरांनी ते सांगितलं नव्हतं, कारण आम्ही विचारलं नव्हतं, आणि आम्हाला ते सुचलंच नव्हतं. आत्याला सुचलं होतं, पण तिला बोलायला आम्ही फट कुठे ठेवली होती!

आत्या लालबागला राहते, चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. लाकडी जिना, लिफ्ट नाही. संडास गॅलरीच्या टोकाला, उकिडवं बसायचा. गौरी येतात तेव्हा तीन दिवस सगळा कारभार जमिनीवर मांडी घालून. यातलं एक अक्षर एक्स-रेत दिसत नाही. डॉक्टरांना आत्याचं हाड दिसत होतं, आत्याचा जिना दिसत नव्हता. गुडघ्याचं काय करायचं हे ठरवायला मात्र दोन्ही लागतात.

या साध्या गोष्टीवर वैद्यकशास्त्रात गेली चाळीसेक वर्षं बराच अभ्यास झाला आहे. मराठीत कागदोपत्री 'सामायिक निर्णयप्रक्रिया' असा भारदस्त शब्द सापडतो. आपण 'मिळून ठरवणं' म्हणू. १९८२ मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या वैद्यकीय नीतिमत्तेवरच्या आयोगाने आपल्या अहवालात ही कल्पना ठळकपणे मांडली. म्हणणं असं, की एकाहून जास्त वाजवी रस्ते असतील, तर डॉक्टरने प्रत्येक रस्त्याचा फायदा-तोटा उलगडून सांगावा, पेशंटने आपल्याला कशाची किंमत जास्त वाटते ते सांगावं, आणि मग दोघांनी मिळून रस्ता निवडावा. २०१२ मध्ये या विषयाचे अभ्यासक ग्लिन एल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे तीन टप्पे सांगितले: आधी 'इथे निवड आहे' हे बोलायचं, मग पर्याय तपशिलात बोलायचे, मग ठरवायचं. ऐकायला इतकं सोपं आहे की यात शिकवण्यासारखं काय, असं वाटेल. पण मागच्या वेळी डॉक्टरकडे गेला होतात तेव्हा यातला पहिला टप्पा झाला होता का, जरा आठवून बघा. 'इथे निवड आहे' हे वाक्य आपल्याकडच्या केबिनमध्ये क्वचितच ऐकू येतं.

आता वाटीकडे येते, कारण हा शब्दच घोळ घालतो. 'वाटी बदलली' हे आपण इतक्या सहज बोलतो की भांड्यांच्या दुकानातून नवी वाटी आणावी तसं वाटतं. प्रत्यक्षात गुडघ्याची वाटी, म्हणजे पुढचं ते गोल हाड, बहुतेक वेळा जागेवरच राहतं. फार तर तिला मागून प्लॅस्टिकचं अस्तर लावतात. बदलतात ते सांध्याचे पृष्ठभाग. मांडीच्या हाडाचं खालचं टोक तासून त्यावर धातूची टोपी बसवतात, नडगीच्या हाडावर धातूची चकती, आणि दोन्हींच्या मध्ये टणक प्लॅस्टिक. हे कळलं की पुढचा प्रश्न आपसूक येतो: ही धातू-प्लॅस्टिकची जोडणी किती वाकेल? साधारण ११० ते १२० अंश. खुर्चीत बसायला, जिना चढायला तेवढं भरपूर झालं. उकिडवं बसायला त्याहून बरंच जास्त लागतं. काहींना जमतं, पण भरवसा देता येत नाही, आणि बरेच सर्जन 'नकोच' म्हणतात. म्हणजे आत्याचा टॅक्सीतला प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. त्या दिवशी विचारण्यासारखा तोच एक प्रश्न होता.

आणि ऑपरेशन वाईट असंही समजू नका. उगाच घाबरवणारे व्हॉट्सॲप निरोप मला अजिबात आवडत नाहीत. डेन्मार्कमधला २०१५ चा एक अभ्यास बघा. गुडघा बदलण्याइतकी झीज झालेल्या १०० जणांचे दोन गट केले. एका गटाचं ऑपरेशन केलं आणि सोबत व्यायाम, वजन, आहार, औषधं यांचा कार्यक्रम दिला; दुसऱ्याला ऑपरेशनशिवाय नुसता तो कार्यक्रम. वर्षभराने ऑपरेशनवाल्यांपैकी ८५ टक्के लोकांना जाणवण्याइतका आराम होता, नुसत्या कार्यक्रमावर असलेल्यांपैकी ६८ टक्क्यांना. म्हणजे ऑपरेशन सरस ठरलं. पण गंभीर म्हणावेत असे त्रास पहिल्या गटात २४ नोंदले गेले, दुसऱ्यात ६. शिवाय दुसऱ्या गटातल्या साधारण चारातल्या एकानेच त्या वर्षात ऑपरेशन करून घेतलं. बाकीच्यांना तूर्त गरज वाटली नाही.

आता सांगा, यात बरोबर उत्तर कुठलं? ज्याला दुखण्यामुळे झोप नाही, घरात लिफ्ट आहे आणि सुट्टी मिळणार आहे, त्याचं वेगळं. जिचा जीव मांडी घालून बसण्यात अडकलाय तिचं वेगळं. दोघांचे एक्स-रे मात्र सारखे असू शकतात. बसवलेला सांधा टिकतोही चांगला. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आकडेवारीनुसार पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षांनंतरही काम देत होते. पन्नाशीतल्या माणसाने या आकड्याकडे बघणं आणि पंच्याहत्तरीतल्या माणसाने बघणं यातही फरक आलाच.

डॉक्टरांच्या मतांतही फरक असतो, हे मात्र आपल्याला सहसा माहीत नसतं. जॉन वेनबर्ग नावाचे अमेरिकन डॉक्टर व्हरमाँट राज्यात काम करत होते. कुठल्या गावात किती ऑपरेशनं होतात हे त्यांनी मोजलं, आणि १९७३ मध्ये छापलं. एका गावात पंधरा वर्षांची होईपर्यंत निम्म्याहून जास्त मुलांचे टॉन्सिल काढलेले, शेजारच्या गावात पाचातल्या जेमतेम एकाचे. मुलं तशीच, घसे तसेच, हवा तीच. फरक होता तो त्या-त्या गावातल्या डॉक्टरांना काय योग्य वाटतं याचा. मग वेनबर्गनी विचारलेला प्रश्न आजही टोचतो: ठरतंय ते दुखण्यावरून, की आपण कुणाच्या दारात जाऊन पोचलो त्यावरून?

आपल्याकडचं सांगायचं तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झालेली दिसतात, सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. दोन्हीकडे येणाऱ्या बायका वेगळ्या, त्यांच्या अडचणी वेगळ्या, हे मान्य. सरकारीत गरज असून झाली नाहीत अशीही सिझेरियन असतील. तरी हा सगळा फरक बायकांच्या शरीरातून आला, असं कोण म्हणेल?

गुडघ्याच्या बाबतीत एक सोय असते, घाई नसते. कर्करोगात तसं नाही, निदान माणसाला तसं वाटतं. म्हणून टाटाचं उदाहरण सांगते. परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून चालू आहे, आणि देशभरातून माणसं तिथे येतात. समजा बुलढाण्याच्या एका बाईला स्तनाची गाठ लवकर लक्षात आली. लहान गाठीच्या बाबतीत बहुतेकदा दोन रस्ते खुले असतात. एक, पूर्ण स्तन काढणं. दुसरा, फक्त गाठ आणि भोवतालचा भाग काढून स्तन वाचवणं, आणि नंतर शेक घेणं. रेडिएशनला आपल्याकडे सर्रास शेकच म्हणतात. 'सगळंच काढून टाकलं की जीव नक्की वाचतो' असा आपला समज. पण अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांनी हजारो बायकांवर केलेल्या अभ्यासांचे २० वर्षांनंतरचे निकाल २००२ मध्ये आले: किती बायका जगल्या, यात दोन्ही रस्त्यांत फरक नव्हता.

मग निवड कशावर? तर शेकावर. स्तन वाचवला तर आठवड्यातून पाच दिवस, तीन ते पाच आठवडे रोज शेकायला यावं लागतं. घाटकोपरच्या बाईला ते ट्रेनने जमेल. बुलढाण्याच्या बाईला मुंबईत राहायला जागा हवी. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशाच पेशंटांसाठी भरलेली असते. सोबत एक माणूस हवा, तो माणूस तितके दिवस शेती सोडून येणार, घरी मुलं कुणाकडे राहणार? या हिशोबाने एखादी म्हणते, "काढून टाका, मला घरी जाऊ दे." दुसरी म्हणते, "महिनाभर फुटपाथवर राहीन, पण माझं शरीर मला हवं." दोघीही शहाण्या आहेत. (पूर्ण काढल्यावरही काहींना शेक घ्यावाच लागतो. हे आधी कळलं नाही तर हिशोब चुकतो, म्हणून तेही विचारून घ्यायचं.) डॉक्टर कितीही हुशार असला तरी बुलढाण्याच्या त्या घरात म्हातारी सासू आहे की नाही हे त्याला कुणीतरी सांगावंच लागतं.

हृदयाचं थोडक्यात सांगते, कारण तिथे गैरसमज जास्त आणि गफलत महाग. छातीत अचानक जोराचं दुखलं, घाम फुटला, झटका आला, तर चर्चा नको. लगेच रुग्णालय, तिथे अडलेली रक्तवाहिनी लवकर उघडली की जीव वाचतो. पण अनेकांचं तसं नसतं. चालताना छाती भरते, थांबलं की बरं वाटतं, गेले सहा महिने तसंच चाललंय, आणि तपासणीत ब्लॉकेज निघतं. अशा स्थिर दुखण्यावर २०२० मध्ये ५,१७९ पेशंटांचा एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुरुवातीलाच अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास केलेल्यांत, आणि आधी औषधांवर ठेवलेल्यांत, मृत्यू वा झटक्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. छातीतलं दुखणं मात्र पहिल्या गटात जास्त कमी झालं, विशेषतः ज्यांना ते वारंवार व्हायचं त्यांचं. मुख्य डाव्या वाहिनीत मोठा अडथळा असलेले लोक या अभ्यासात घेतलेच नव्हते, त्यामुळे हा निष्कर्ष त्यांना लावायचा नाही. 'नव्वद टक्के ब्लॉकेज आहे, आजच टाका' हे वाक्य ऐकलं की आपले पाय लटपटतात. त्या क्षणी एवढंच विचारावं: "डॉक्टर, हे झटक्याचं आहे की स्थिर आहे? दोन दिवस विचार करायला वेळ आहे का?"

टक्क्यांचंही असंच. एखादी गोळी "धोका २५ टक्क्यांनी कमी करते" म्हटल्यावर आपल्याला वाटतं, १०० पैकी २५ जण वाचले. समजा, गोळी न घेणाऱ्या १०० जणांपैकी चौघांना दहा वर्षांत त्रास होतो, आणि घेणाऱ्या १०० पैकी तिघांना. चाराचे तीन झाले, म्हणजे २५ टक्के घट. वाक्य खोटं नाही. पण १०० जणांनी दहा वर्षं रोज गोळी घेतली तेव्हा एकाला उपयोग झाला, असंही हेच सांगता येतं. दुष्परिणाम सांगताना नेमकी उलटी भाषा येते, "शंभरात एखाद्याला होतो हो." म्हणून मी आता एकच धरून बसते: टक्के नकोत, माझ्यासारख्या १०० जणांचं सांगा. घेतली तर कितींना, नाही घेतली तर कितींना. हे गणित काढायला डॉक्टरलाही जरा थांबावं लागतं, आणि ते थांबणं चांगलं असतं.

परदेशात या कामासाठी छापील पत्रकं आणि व्हिडिओ असतात. पर्याय, १०० माणसांच्या चित्रातून दाखवलेले धोके, आणि शेवटी 'तुम्हाला कशाचं महत्त्व जास्त' असे प्रश्न. पेशंटने घरी वाचायचं आणि मग बोलायला यायचं. अशा साधनांवरच्या २०९ अभ्यासांचा एकत्र आढावा २०२४ मध्ये आला. लोकांना माहिती जास्त होते, धोक्याचा अंदाज जास्त अचूक येतो, आणि निवड स्वतःच्या मताशी जास्त जुळते, असं त्यात दिसलं. केबिनमध्ये बसून साधन वापरलं तर सरासरी दीड मिनिट जास्त गेलं. आधी घरी वाचून आलेल्यांच्या बाबतीत वेळेत फरकच पडला नाही. मराठीत असं साहित्य फार थोडं आहे. आपल्या हाती येतं ते संमतीपत्र, बहुधा इंग्रजीत, ऑपरेशनच्या आदल्या रात्री, सिस्टरच्या बोटाखाली: "इथे, इथे आणि मागे." ती सही ठरवून झाल्यानंतरची असते, ठरवतानाची नव्हे.

वेळेचं रडगाणं खोटं नाही. २०१७ मध्ये ६७ देशांतल्या प्राथमिक डॉक्टरांच्या भेटींचा वेळ मोजून मांडला गेला: बांगलादेशात ४८ सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. पाच मिनिटांच्या आत आटपणाऱ्या देशांच्या यादीत आपणही आहोत. पालिकेच्या रुग्णालयातल्या ओपीडीत सकाळी केसपेपरची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना डॉक्टरचा राग येणार नाही. एका टेबलाभोवती चार पेशंट, दारात पंधरा. तिथल्या निवासी डॉक्टरला "मला पर्याय समजावून सांगा" म्हणणं जरा जडच जातं. पण 'लगेच ठरवलं नाही तर काय होईल' एवढा एक प्रश्न ४८ सेकंदांतही बसतो. उत्तर 'काही नाही, पुढच्या आठवड्यात या' असं आलं, की पुढच्या आठवड्यात तयारीने जाता येतं.

माझा मोठा आक्षेप डॉक्टरांवर नाहीच. तो आपल्यावर आहे, नातेवाइकांवर. "आईला सांगू नका, तिला सहन होणार नाही." "तुम्ही बाहेर बसा बाबा, आम्ही बोलतो." प्रेमापोटीच करतो आपण, पण त्यात माणूस स्वतःच्याच आजारातून बाहेर काढला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात नेमकं यावर बोट ठेवलं. दिल्लीत १९९५ मध्ये ४४ वर्षांची एक बाई दुर्बिणीतून तपासणी करून घ्यायला भूल घेऊन टेबलावर गेली. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढली गेली. न्यायालय म्हणालं, जिवावर बेतलेलं नव्हतं, बाई सज्ञान होती, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. आईची संमती ही तिची संमती होत नाही. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, हेही त्यात आलं. पेशंटला पुरेशी माहिती मिळाल्याखेरीज संमतीला अर्थ नाही, हे आपल्याकडे या निकालाने पक्कं केलं.

कागदावर आपले हक्क तसे बरे आहेत. केसपेपर, रिपोर्ट मागितले तर ७२ तासांत द्यायचे, हा डॉक्टरांच्या आचारसंहितेत २००२ पासूनचा नियम आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं असतं. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं हाही हक्क, आणि त्यात पहिल्याचा अपमान नाही. "फाईल द्या, जरा घरच्या डॉक्टरला दाखवतो," एवढं म्हटलं तरी पुरतं. सनद बहुधा लिफ्टच्या मागे, कुंडीच्या आड टांगलेली सापडते, ते सोडा.

मिळून ठरवायचं म्हणजे पेशंटने डॉक्टर व्हायचं, असं मुळीच नाही. टीबी निघाला तर औषधं घ्यायचीच, पूर्ण महिने. तिथे बोलायचं ते गोळ्या घेणं निभवायचं कसं यावर. आणि सगळं नीट ऐकून घेतल्यावर एखाद्याने "मला झेपत नाही, डॉक्टर तुम्हीच ठरवा" म्हटलं, तर तोही त्याचा निर्णय. त्याच्यावर निवड लादणं हा दुसऱ्या टोकाचा जाच.

आम्ही आत्याला घेऊन पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेलो. या वेळी तिला टेबलाजवळच्या खुर्चीत बसवलं, आम्ही मागे भिंतीला. कालनिर्णयच्या जुन्या पानामागे तिने स्वतःच्या अक्षरात तीन ओळी लिहून आणल्या होत्या. तरी दादाला राहवलं नाही. त्याने आपला नेहमीचा हुकमी प्रश्न टाकला, "डॉक्टर, तुमची स्वतःची आई असती तर काय केलं असतं?"

"लगेच केलं असतं," डॉक्टर म्हणाले.

आत्याने विचारलं, "त्या कितव्या मजल्यावर राहतात?"

डॉक्टर आधी गोंधळले, मग हसले. "बाराव्या. पण लिफ्ट आहे."

"मी तिसऱ्या. आमच्याकडे नाही. आणि संडास गॅलरीच्या टोकाला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. पुढची दहा मिनिटं मी आजवर कुठल्या केबिनमध्ये ऐकलं नव्हतं असं बोलणं झालं. चाळ पुनर्विकासात गेली आहे, वर्षभरात लिफ्टवाल्या इमारतीत तात्पुरती खोली मिळणार आहे, हे आत्याने सांगितलं. वर्षभर थांबल्याने एवढं बिघडणार नाही, पण बसून राहिलात तर मांडीचे स्नायू ढिले पडतील आणि मग ऑपरेशनचाही फायदा कमी होईल, हे त्यांनी सांगितलं. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने कमी होतो, हे ऐकून आत्या चकित झाली. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची, हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. ती दोन वर्षं डाव्या गुडघ्यासाठी डाव्या हातात धरत होती. संडासावर ठेवायची प्लॅस्टिकची कमोडची खुर्ची मिळते, ती आणायची ठरली. मांडी घालण्याबद्दल डॉक्टर स्पष्ट म्हणाले, ऑपरेशननंतर ती आशा धरू नका. गौरींपुढे स्टुलावर बसावं लागेल. आत्या यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बघू. आधी घर तर होऊ दे."

या गोष्टीला दीड वर्ष झालं. बिल्डरची तारीख दोनदा पुढे गेली आहे. आत्या सकाळी पलंगावर आडवी पडून, घोट्याला वाळूची पिशवी बांधून एकेक पाय दहादा उचलते, मोठ्याने आकडे मोजत. शेजारच्या काकू गॅलरीतून ओरडतात, "आठ झाले हो, नऊ नाही!" कमोडची खुर्ची आता मजल्यावरच्या आणखी दोन म्हाताऱ्या वापरतात. उजवा पूर्वीइतकाच आहे, डावा रात्री अजून जागवतो. पुढची तारीख तिने स्वतः घेतली आहे, आणि कालनिर्णयच्या पानामागे दोन नवे प्रश्न आहेत, ते ती आम्हाला दाखवत नाही.